बैलांच्या वाट्याचा कुळीथ

माघ लागला की एका सकाळी माझ्या फोनवर दिगूचा फोटो येतो. दिगू माझा धाकटा भाऊ. वैभववाडीच्या जवळ, घाटाच्या पायथ्याशी आमचं गाव आहे, तिथं तो शेती करतो. फोटोत तो स्वतः कधीच नसतो. भात कापून मोकळ्या झालेल्या जमिनीवर पसरलेला कुळीथ असतो, पानांवर दंव असतं आणि चुकून कोपऱ्यात आलेला त्याच्या पायाचा अंगठा असतो. खाली एक अक्षरही लिहिलेलं नसतं. मला जे कळायचं ते कळतं आणि त्या दिवशी शाळेत माझं लक्ष लागत नाही.

मी जामसंड्याला राहते, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. या दिवसांत इथल्या सगळ्या माना वर गेलेल्या असतात. आंब्याला मोहोर किती, फळ धरलं की गळलं, रात्री थंडी पडली की नाही, याखेरीज कोणाच्या तोंडी दुसरा विषय नसतो. दूधवाला, रिक्षावाला, आमच्या शाळेचा शिपाई, सगळे मोहोराचे तज्ज्ञ. आंब्याची बातमी वर्तमानपत्रात येते, आंब्याला पेटी असते, पेटीला गवताची गादी असते. कुळथाचं यातलं काहीच होत नाही. त्याला बघायला मान खाली घालावी लागते आणि उपटायला कंबर मोडावी लागते. मला मात्र खरं विचाराल तर माघ म्हणजे कुळीथच. हे मी जामसंड्यात मोठ्यानं बोलत नाही, मला इथं राहायचं आहे.

कुळथाइतकं बिनतक्रार पीक मी दुसरं पाहिलेलं नाही. भात घरात आलं की जमिनीचं काम संपलं असं सगळ्यांना वाटतं. माणसं जत्रांना जातात, लग्नं ठरवतात. तेव्हा त्याच जमिनीत, उरल्यासुरल्या ओलीवर, कुळीथ टाकून द्यायचा. पाणी नाही, खत नाही, राखण नाही. तो आपला दंव पिऊन वाढतो. एका देठाला तीन पानं, त्यांच्या बेचक्यात फिकट पिवळं एवढंसं फूल. ते फूल आजवर कोणी केसात माळलेलं मी बघितलेलं नाही. मग चपटी, लवदार, कोयतीसारखी वाकलेली शेंग धरते. ती वाळली की मात्र या गरीब पिकाला एकदम राग येतो. ऊन चढलं की शेंग तडकन उकलते आणि दाणा कुठल्या कुठे उडतो. म्हणून कुळीथ उपटायचा तो भल्या सकाळी, दंवानं शेंगा मऊ असताना.

त्या सकाळी अजून माझ्या बोटांत आहेत. गार पडलेल्या, वेलींच्या रसानं हिरव्या झालेल्या. परकर गुडघ्यापर्यंत ओला, नाकात तो कच्चा, किंचित कडसर वास, आणि पाठीवर ऊन येऊन बसलं की आई ओरडायची, "पुरे आता, चला घराक." मग भारे घरासमोरच्या खळ्यात येत. चार दिवस वाळून झाले की वाडीत घराघरातून काठीनं झोडपल्याचे आवाज सुरू होत. त्या आवाजाला गोठ्यातली गुरं कान टवकारून उभी राहत. दाणा आमचा आणि भूस त्यांचं, हा हिशेब त्यांना आमच्याइतकाच ठाऊक होता.

आणि मग कुळीथ भाजल्याचा वास. खापरीत दाणे तडतडायला लागले की तो वास आधी ओटीवर, मग अंगणात आणि मग शेजाऱ्यांकडे जातो. भरडून, सालं पाखडून, दळून जे विटकरी पीठ येतं त्याची पिठी. ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, दोन आमसुलं, वर ओलं खोबरं. थंडीच्या दिवसात मऊ भातावर ती रटरटती पिठी आणि बाजूला चुलीत भाजलेला सुका बांगडा. हे जेवल्यावर माणूस काही काळ कोणाशी भांडत नाही, एवढं मी अनुभवानं सांगते.

पण अशी ही पिठी आमच्याकडे पाहुण्यांना वाढत नाहीत. पिठी म्हणजे घरात नेसायचं जुनं मऊ लुगडं, ते नेसून कोणी लग्नाला जात नाही. पाहुणा आला की कोंबडी-वडे, मासे, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी. पाहुण्यांची पाठ वळली की आम्ही सुटकेचा श्वास सोडतो आणि पिठी करतो. कित्येकदा तो पाहुणाही आपल्या घरी जाऊन पिठीच करत असणार. पण तेवढं एकमेकांना सांगायचं नाही, अशी आमच्या जिल्ह्याची रीत आहे.

हल्ली कुळथाचं नशीब जरा पालटलं आहे. मुंबईच्या माझ्या मैत्रिणीनं परवा कुळथाच्या पाकिटाचा फोटो पाठवला. झकपक पाकीट, वर प्रथिनं, लोह, कॅल्शियम, तंतू यांची जंत्री. "हे तू खाल्लंयस का गं कधी?" असं तिनं खाली विचारलं होतं. मी तिला काय सांगणार? सातवीला अन्नघटक शिकवताना मी पूर्वी पुस्तकातली सोयाबीन आणि अंडी सांगत असे, आता कुळीथ सांगते. मुलं हसतात. रोज घरात असलेली गोष्ट पुस्तकातल्या रकान्यात बसते, हे त्यांना खरंच वाटत नाही.

औषधाच्या बाबतीत तर प्रत्येक घर म्हणजे दवाखाना. सर्दीला कढण, बाळंतिणीला कढण, अंगात कणकण वाटली तर कढण. कढण म्हणजे कुळीथ शिजवून काढलेलं पातळ पाणी, वर लसणाची फोडणी. आणि मुतखडा म्हटलं की अख्खा गाव कुळथाकडे बोट दाखवतो. आमच्या मुख्याध्यापकांना खडा झाला तेव्हा त्यांनी डॉक्टरांचं औषध घेतलं, तांब्यांनी पाणी प्यायलं आणि बायकोच्या हातचं कढणही. खडा पडला. डॉक्टर म्हणाले, "लहान होता, औषधानं आणि पाण्यानं गेला." बाई म्हणाल्या, "माझ्या कढणानं गेला." दोघंही अजून आपल्या मतावर ठाम आहेत. मुख्याध्यापक दोघांनाही घाबरून आहेत, ते म्हणतात, "गेला हे महत्त्वाचं." विज्ञानाची शिक्षिका म्हणून माझं मत डॉक्टरांकडे झुकतं. खडा, ताप असलं काही अंगावर काढू नये, तपासून घ्यावं. पण कढण प्यायला डॉक्टरांनीही नको म्हटलेलं नाही, हेही मी बाईंच्या बाजूनं नोंदवते.

हे सगळं झालं. पण माघातला तो फोटो आला की मला आठवतो तो एकच हंगाम, काही वर्षांपूर्वीचा, ज्यात दिगूचं लग्न कुळथावर येऊन अडलं होतं.

दिगूला लग्नाला मुलगी मिळत नव्हती. यात दिगूचं काही कमी होतं असं नाही. शिकलेला, निर्व्यसनी, दिसायला बरा, हसला तर फारच बरा. बाबा गेल्यावर त्यानं शेती, काजू, गुरं सगळं हाताशी घेतलं आणि मनापासून केलं. पण "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला आम्ही "शेती" म्हटलं की समोरच्या घरात चहा गार व्हायला लागे. एका मुलीच्या आईनं तर सरळ विचारलं, "म्हणजे सध्या शेती, पण पुढे काय?" दिगू म्हणाला, "पुढे पण शेतीच." तिथं आम्हाला पोहेही पूर्ण खायला मिळाले नाहीत. घरी येताना तो गाडीवर गाणं गुणगुणत होता, पण मी त्याची बहीण आहे. तो वाईट वाटलं की गुणगुणतो.

मग पल्लवी आली. म्हणजे आधी फोनवर आली. कोल्हापूरकडची, घाटावरची, शेतकऱ्याची मुलगी. पशुखाद्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होती. पेंड, भुसा, चुणी यांचे नमुने तपासायचे आणि जनावराच्या पोटात काय काय जाणार ते लिहून द्यायचं, हे तिचं काम. दिगू तिला गाईंचे फोटो पाठवी आणि ती गाईंना काय घालतोस ते विचारी. दोन तरुण माणसांनी यावर महिनोन्महिने बोलावं, याचं मला नवल वाटे. पण जुळलं. पल्लवीनं एकच गोष्ट स्पष्ट सांगितली, "माझा होकार आहे. पण तात्यांनी हो म्हटल्याशिवाय मी येणार नाही." तात्या म्हणजे तिचे वडील. स्वतः जन्मभर शेतात राबलेले, आणि म्हणूनच मुलगी शेतकऱ्याला द्यायची नाही असं ठरवून बसलेले. घर बघायला यायला ते कसेबसे तयार झाले होते. आता तात्यांच्या तोंडून निघणाऱ्या एका शब्दावर दिगूचं सगळं होतं. आणि त्या आठवड्यात तो कधी नव्हे इतका गुणगुणत होता.

तारीख ठरली ती नेमकी माघातली. तयारीची सूत्रं आमच्या आत्यानं हातात घेतली. आत्या कणकवलीला असते आणि तिला सगळ्यातलं सगळं कळतं. आल्या आल्या तिनं नाक वर करून हुंगलं आणि माझ्या आईला फर्मान सोडलं, "गो, ह्यो कुळथाचो वास घालव आधी. घाटावर कुळीथ बैलांका घालतत. तेंच्या समोर कुळथाचा नाव सुदा काढूक नको."

आई बिचारी मान हलवत राहिली. कोंबडी ठरली, वड्यांचं पीठ भिजलं, कुळथाचा डबा पलंगाखाली गेला. पण कुळीथ फक्त डब्यात थोडाच होता? तो शेतात उभा होता आणि आदल्या दिवसापासून वारा कोरडा सुटला होता. संध्याकाळी दिगू शेतातून आला तो तळहातावर दोन उकललेल्या शेंगा घेऊन.

"शेंगो तडकाक लागलेत," तो म्हणाला. "सकाळी उपटूकच होये."

"पावणे येवचे आसत आणि तू शेतात?" आत्या किंचाळली.

"ते येयसर मी येतंय," दिगू म्हणाला. आईनं एवढंच सांगितलं, "येतलंस तेव्हा पाय धुवन ये रे."

पाहुणे आले ते सांगितलेल्या वेळेच्या कितीतरी आधी. सकाळच्या उन्हात घाट बघायचा म्हणून ते अंधारातच निघाले होते. घाटानं मात्र तात्यांकडे बघून घेतलं होतं. गाडी थांबली, दार उघडलं, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि तिच्याखाली जवळजवळ तितकाच पांढरा चेहरा बाहेर आला. नमस्काराला हात जोडायच्या आधी त्यांनी आमच्या जास्वंदीपाशी जाऊन पोट मोकळं केलं. आमच्या व्याह्यांचं आमच्या अंगणातलं पहिलं पाऊल हे असं पडलं.

"घाट लई बाधला बघा," ते ओटीवरच्या बाकावर आडवे होत म्हणाले. पल्लवी आणि तिची आई त्यांना वारा घालायला लागल्या. आत्यानं तेवढ्यात दिगूनं आणून टाकलेल्या कुळथाच्या ढिगावर निळी ताडपत्री ओढली आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. खळ्याच्या मधोमध तो ढीग आता असा दिसत होता की न विचारणाराही विचारेल.

आत कोंबडीच्या रश्शाचा घमघमाट सुटला होता. एरवी त्या वासानं माणूस धावत येतो, पण तात्यांनी तो नाकात जाताच टोपी तोंडावर ओढली. आई दारातून बघत होती. तिच्या चेहऱ्यावरची पाहुण्यांची भीती हळूहळू गेली आणि तिथं तिचा रोजचा चेहरा आला, घरात कोणाचं पोट बिघडलं की येतो तो. ती आत गेली, वाकली आणि तिनं पलंगाखालचा डबा ओढला.

आत्या तिच्या मागोमाग. "गो, काय करतंस? जनावराचा खाणा व्याह्याक वाढतंस? लगीन मोडतला!"

"अजून जुळला खंय मोडूक?" आई पीठ कालवता कालवता म्हणाली. "आणि पोटात पाणी रवना नाय त्येंका वडे वाढू? बाजूक सर बघू."

पातळ पिठी झाली. मिरची नावाला, आमसूल जरा जास्त. आईनं वाटी तात्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी नुसती वाफ घेतली, मग एक घोट. मग वाटी रिकामी झाली. "आनी जरा घाला," ते म्हणाले. आणखी एक वाटी गेली. चेहऱ्यावर रंग येऊ लागला. "मऊ भात हाय का वाईच?" भात आला, त्यावर पिठी आली. जेवताना ते कोणाशी बोलत नव्हते, कोणाकडे बघत नव्हते. आई पळीनं वाढत होती आणि दर पळीला तिची पाठ थोडी ताठ होत होती.

शेवटी बोटं चाटून तात्यांनी विचारलं, "कशाचं म्हनायचं हे?"

आत्या पुढे झाली. पाहुण्यांशी ती पुस्तकातलं मराठी बोलते. "आमच्याकडचा एक खास प्रकार आहे. मोठ्या पाहुण्यांसाठीच करतात."

"कुळथाची पिठी," आई म्हणाली. "आम्ही रोज खातो."

कोणी काही बोलायच्या आत पल्लवीनं आनंदानं सांगून टाकलं, "तात्या, आपला हुलगा तो! आपण बैलांना शिजवून घालतो ना, तोच. आमच्याकडे नमुना येतो तपासायला, प्रथिनं काय भरपूर असतात त्यात!"

तात्यांचा हात थांबला. "बैलाचं खानं," ते स्वतःशीच म्हणाले, ताट सारलं, हात धुतले आणि सरळ खळ्यात निघून गेले. आत्यानं कपाळाला हात लावला. मी ताटाकडे पाहिलं, त्यात एक शीतही उरलं नव्हतं. पण त्या क्षणी त्याचा काय उपयोग?

खळ्यात तात्या ताडपत्रीसमोर उभे होते. गुरांत वाढलेल्या माणसाच्या नाकापासून कुळीथ काय लपणार? त्यांनी एक दगड पायानं सारला, कोपरा उचलला आणि आतल्या ओल्या वेली बघत राहिले. तेवढ्यात कुंपणाच्या बाजूनं एक भारा चालत आला. वेली इतक्या खाली लोंबत होत्या की भाऱ्याला फक्त दोन पाय होते, तेही चिखलाचे. भारा खाली पडला आणि आतून दिगू निघाला. ओला, खरचटलेला, केसांत पानं. मुलीच्या वडिलांना मुलगा दिसला तो असा.

"दंवात उपटलास?" तात्यांनी विचारलं.

"हो. उन्हात शेंग उकलते, दाणा शेतातच राहतो."

"आनी पावनं येनार हुतं ते?"

दिगूनं कपाळावरचं पाणी पुसलं. "तुम्ही जरा वेळ थांबला असतात. शेंग थांबली नसती."

ओटीवर आत्या खालीच बसली. पल्लवी मात्र एक वेल ओढून गोठ्याकडे गेली होती आणि आमच्या तांबड्या गाईला ती भरवत होती. गाय तिचा हात सुद्धा चाटत होती. तात्या एकदा गाईकडे, एकदा मुलीकडे आणि बराच वेळ दिगूच्या हातांकडे बघत राहिले. हसले नाहीत. दुपारी बाकीच्यांनी कोंबडी-वडे खाल्ले, तात्यांनी ताकाखेरीज काही घेतलं नाही. निघताना गाडीत बसून ते म्हणाले, "कळवतो."

लग्नाच्या बाजारात हा शब्द आम्ही इतक्यांदा ऐकला होता की त्याचा अर्थ आम्हाला कोणी सांगायला नको होता. होकार असला तर माणसं कळवतो म्हणत नाहीत, मुहूर्त विचारतात.

पुढचे दिवस कसे गेले ते कुळथाला विचारा. दिगूनं तो असा झोडपला की काठी मोडली. आत्या कणकवलीला गेली ती फोन उचलेना. पल्लवीचा दिगूला एकच निरोप आला, "तात्या काही बोलत नाहीत." मी शनिवारी गावी गेले तेव्हा आई मागीलदारी कुळीथ निवडत बसली होती. "माझ्या पिठीन घात केल्यान गो झिलाचो, माझ्या दिगूचो," ती म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले. मला तिचा राग आला नाही, आत्याचा आला, आणि तात्यांचा तर फारच. उपाशीपोटी आलेल्या माणसाला आईनं पोटाला दिलं. यात लाजायचं काय होतं? मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "तां तुका आणि माका कळता. तेंका कोण सांगतला?"

दुसऱ्या दिवशी रविवार. खळ्यात कोवळं ऊन होतं, आई सुपानं कुळीथ वारवत होती, भूस उडून तुळशीपर्यंत जात होतं. दिगू उरलेला भारा झोडपत होता. तेव्हा आईचा फोन वाजला. पल्लवीची आई. आईचे हात भरलेले, म्हणून मी फोन मोठ्या आवाजावर करून तिच्यासमोर धरला.

"ताई, जरा विचारायचं हुतं," पल्लवीच्या आईचा आवाज अगदी रडकुंडीला आला होता. "तुमच्या त्या पिठीत गुठळ्या होत नाहीत का हो? आमच्या नुसत्या गुठळ्या!"

आईनं सूप कमरेला टेकवलं आणि कान फोनजवळ आणला.

"घरी आल्यापासनं ह्यांचं एकच. बैलांच्या पोत्यातला हुलगा काढला, मला भाजायला लावला, गिरणीतनं दळून आणला. रोज करते आनि रोज म्हनतात, तशी झाली नाही. माझ्या माहेरी हुलग्याचे शेंगोळे व्हायचे हो, मी आवडीनं खायची. ह्यांच्या घरात बंदी. हुलगा खाल्ला म्हनजे घरात खायला न्हाई असं लोक म्हनतील म्हनून. ल्हानपनी बैलांच्या घमेल्यातला मूठभर उकडलेला हुलगा खाल्ला तर आज्ज्यानं चाबूक काढलावता ह्यांच्यावर. त्यो जलमभर गप ऱ्हायलेला मानूस आता रोज सकाळी पिठी मागतोय. मी काय करू सांगा!"

आई फोनवर शुद्ध बोलायचा प्रयत्न करते, तो पहिल्या वाक्यापुरता टिकतो. "हे बघा, पीठ उकळत्या पाण्यात घालायचं नाही. आधी थंड पाण्यात कालवायचं. एकदम पातळ. मग फोडणीच्या पाण्यात ओतायचं आणि हात थांबवूचो नाय. कढ येयसर ढवळीत रवाचा. कोणी हाक मारल्यान तरी वळान बघूचा नाय."

"वळून बघायचं नाही," पलीकडून लिहून घेतल्यासारखा आवाज आला.

मी आईला खुणेनं विचारत होते, होकाराचं विचार, होकाराचं. आईनं माझ्याकडे बघितलंही नाही. "आणि लसूण ठेचून घाला, चिरून नको," ती सांगत राहिली. दिगूची काठी केव्हाची थांबली होती.

मग पलीकडे काहीतरी हलल्याचा आवाज झाला आणि फोन पल्लवीनं घेतला. "काकू," ती म्हणाली, "लग्नानंतर मी तुमच्याजवळ शिकेनच. तात्यांनी काल पंचांग आणलंय. पण तोवर रोज काय घालू त्यांना?"

आईनं सूप खाली ठेवलं. कुळथाचा हात गालाला गेला, गालावर भुसाचा एक पट्टा उमटला. "तवसर कढण दी," ती म्हणाली. "कढणाचे गुठळे होनत नाय." आणि मग ती रडली, आणि मीही रडले, आणि दिगू गोठ्याकडे तोंड करून उभा राहिला. गुणगुणत नव्हता, म्हणून मी निश्चिंत झाले.

आता पल्लवी आमच्या घरात मुरली आहे. "माका जमता," असं ती आईसारखंच म्हणते, फक्त घाटावरच्या हेलात. गाईंना भूस किती आणि पेंड किती हे तिनं गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवलंय आणि दूध वाढलं असं दिगू सगळ्यांना सांगतो. पिठी पाहुण्यांना वाढायची नाही ही रीत तिला कोणी सांगितलीच नाही, त्यामुळे ती येईल त्याला वाढते. आत्यालासुद्धा. आत्या दोन वेळा घेते.

दर माघात तात्या एसटीनं घाट उतरून येतात. प्रत्येक वळणाला त्यांचा जीव जातो. पल्लवीनं उलटीची गोळी पाठवली होती, ती ते घेत नाहीत. गोळी घेतली तर पिठीची खरी चव लागत नाही असं त्यांचं म्हणणं आहे. यावर माझ्यातल्या विज्ञानशिक्षिकेनं गप्प राहायचं ठरवलं आहे. स्टँडवर उतरतात तेव्हा चेहरा तस्साच पांढरा असतो आणि खांद्यावर एक पिशवी असते, त्यांच्या शेतातल्या हुलग्याची. आमच्याकडे कुळथाला काय तोटा? तरी आणतात. आई तो वेगळ्या डब्यात ठेवते आणि त्यांच्यासाठी त्याचीच पिठी करते.

दिगूचा फोटो आला तो परवा. या शनिवारी मी जाणार, तात्याही येणार आहेत. गेल्या पावसाळ्याआधी त्यांनी बैलजोडी विकली. गुडघे चालत नाहीत आणि शेत आता ट्रॅक्टरनंच होतं. गोठा रिकामा झाला त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं पल्लवी सांगत होती. पण भादवा सरताना त्यांनी तुकडाभर हुलगा पेरलाच. गावातला एकजण बांधावरून म्हणाला, "तात्या, बैलं तर इकली. आता हुलगा कुनासाठी पेरताय?"

तात्या मोठ्यानं, चार बांध पलीकडे ऐकू जाईल असं म्हणाले, "मी खातो की!"